मंगलाक्षरांची परंपरा आणि पाली शब्द

प्रास्ताविक

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे बाजाराचे गाव आहे. कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी त्याची ख्याती. अशा कोणत्याही बाजारगावात लग्नसराई जवळ आली म्हणजे मुद्रणालयाच्या गल्ल्यावर लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचे जाड पुस्तक उघडलेले दिसते. बौद्ध कुटुंबातील मंडळी त्या पुस्तकातून 'मंगल परिणय' पत्रिकेचा नमुना निवडतात. वर तथागतांची आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा असते, खाली वधुवरांची नावे असतात, आणि ही नावे नेहमीच्या साध्या अक्षरात न छापता वळणदार, नक्षीदार, समारंभाला शोभेल अशा अक्षरात छापली जातात. विहाराच्या कमानीवर, दानशिलेवर, धम्मदीक्षेच्या प्रमाणपत्रावर आणि श्रामणेर-शिबिराच्या फलकावरही याच जातीचे अक्षर वापरले जाते.

रोजच्या वाचनाचे अक्षर आणि समारंभाचे अक्षर यांत हा भेद का केला जातो? समारंभाच्या अक्षराला आपल्या धम्मपरंपरेत काही इतिहास आहे काय? आणि आज बाजारात मिळणारी अशी अक्षरे पाली शब्दांना न्याय देतात काय? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विषय वरवर पाहता सजावटीचा वाटेल. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजाने आपले मंगल शब्द कोणत्या अक्षरात लिहावेत हा प्रश्न सजावटीपुरता राहत नाही, असे आमचे मत आहे.

विनयपिटकातील लेखनशिल्प

त्रिपिटक दीर्घकाळ मुखपरंपरेने जतन केले गेले आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात, राजा वट्टगामणीच्या काळी, ते ग्रंथारूढ झाले, हे सर्वश्रुत आहे. म्हणून आरंभीच्या संघाला लेखन ठाऊकच नव्हते असा समज होण्याचा संभव असतो. विनयपिटकाचे वाचन केल्यास तो टिकत नाही.

महावग्गात उपालि नावाच्या मुलाची कथा आहे. आपल्या पश्चात मुलाचे कसे होईल या चिंतेत त्याचे आईवडील असतात. त्याला लेखन शिकवावे असे त्यांच्या मनात येते, पण लिहून लिहून मुलाची बोटे दुखतील, असे त्यांना वाटते. लेखन हा तेव्हा उपजीविकेचा एक मान्य व्यवसाय होता, हे यावरून स्पष्ट होते. भिक्खुनीविभंगात निरर्थक विद्या शिकण्यास मनाई करणारा नियम आहे. त्याच ठिकाणी लेखन शिकणे हा अपराध नाही, असा अपवाद नोंदविलेला आहे. भिक्खुनीसंघातील स्त्रियांना अक्षर शिकण्याची मोकळीक धम्माच्या नियमग्रंथातच होती, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तिसरा संदर्भ आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. सुत्तविभंगातील पाचित्तियांच्या आरंभी दुसऱ्याला हिणवणाऱ्या वाणीसंबंधीचा नियम येतो. त्याच्या स्पष्टीकरणात तत्कालीन समाज कोणती शिल्पे उच्च आणि कोणती हीन मानीत असे याची यादी दिली आहे. मुद्दा, गणना आणि लेखा ही उच्च शिल्पे. नळकार म्हणजे बुरूड, कुंभकार, पेसकार म्हणजे विणकर, चम्मकार आणि न्हावी यांची शिल्पे हीन. विनयाने ही यादी दिली ती मान्य करण्यासाठी नव्हे. एखाद्या भिक्खूला त्याच्या जातीवरून, नावावरून वा शिल्पावरून हिणविले तर तो पाचित्तिय दोष ठरतो, हे सांगण्यासाठी ती दिली आहे. लेखन वर आणि बुरुडकाम खाली ही समाजाची उतरंड होती. संघाने ती उच्चारणेही दोषास्पद ठरविले.

लेण्यांच्या भिंतीवरील समता

या नियमाचा प्रत्यक्ष पुरावा महाराष्ट्राच्या डोंगरांत कोरलेला आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा पूर्ण केल्यानंतर पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख वाचण्याचे काम सुरू झाले. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये या लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातून जे दातृवर्ग समोर आले ते पाहण्यासारखे आहेत.

नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची आणि त्यांच्या व्याजातून भिक्खूंची व्यवस्था लावल्याची त्यात नोंद आहे. जुन्नरच्या लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. कुडे येथे एका माळ्याने दिलेल्या दानाचा लेख आहे. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले, आणि त्याच चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा पुत्र सामी, याचे नाव कोरलेले आहे.

विनयाच्या यादीत ज्यांची शिल्पे समाज हीन मानतो असे म्हटले आहे ते विणकर आणि बांबूकाम करणारे, येथे ठेवी सांभाळणाऱ्या, विश्वासपात्र संस्था म्हणून दगडावर नोंदविले गेले आहेत. आणि अक्षर? राजजामाताच्या लेखाचे अक्षर मोठे आणि लेख लांब असेल, सुताराचा लेख एक-दोन ओळींचा असेल. परंतु लिपी तीच आहे आणि वळण त्याच जातीचे आहे. सुतारासाठी वेगळे, कमी प्रतीचे अक्षर नव्हते.

या लेखांच्या आरंभी पुष्कळदा 'सिधं' हा मंगलवाचक शब्द येतो. कित्येक ठिकाणी स्वस्तिक वा त्रिरत्नाचे चिन्ह येते. समारंभाचा लेख मंगल शब्दाने सुरू करावा, तो उठावदार दिसावा, अशी जाणीव तेव्हाही होती, हे यावरून दिसते. आज पत्रिकेच्या माथ्यावर कोणता शब्द घालावा, असा प्रश्न पडणाऱ्या धम्मबांधवांना हा आपल्याच भूमीतील दाखला उपयोगी पडेल.

पेटिकाशीर्ष अक्षर

मौर्यकालीन ब्राह्मी ही एकसारख्या जाडीच्या रेषांची, सरळ आणि निरलंकार लिपी आहे. पुढे शाई आणि लेखणीचा परिणाम दगडावरही दिसू लागला. अक्षराच्या माथ्यावर लहानशी खूण उमटू लागली, उभ्या रेषा लांबल्या, खालची टोके वळू लागली. आंध्रातील नागार्जुनकोंडा आणि जग्गय्यपेट येथील इक्ष्वाकूंच्या काळचे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या शतकातील बौद्ध लेख पाहिले म्हणजे या सुशोभनाची परिसीमा दिसते. तेथील काही लेखांत उभ्या रेषा आणि स्वरचिन्हे इतकी लांब आणि डौलदार ओढलेली आहेत की लेख वाचण्याआधी पाहावासा वाटतो. स्तूपाला अर्पण केलेल्या स्तंभावरचे ते खरोखरच समारंभाचे अक्षर होय.

महाराष्ट्राने या परंपरेत स्वतःची भर घातली, ती वाकाटकांच्या काळात. या काळच्या अनेक ताम्रपटांत आणि शिलालेखांत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक छोटी चौकोनी पेटी दिसते. कोठे ती पोकळ असते, कोठे भरीव. अभ्यासक या वळणाला पेटिकाशीर्ष असे म्हणतात. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचे जे संपादन केले, ते १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या वळणाची सविस्तर ओळख होते. विदर्भातील राजाज्ञांचे हे अक्षर अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातही आले आहे. वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने ते लेणे भिक्खुसंघाला अर्पण केले, आणि त्याचा दानलेख पेटिकाशीर्ष अक्षरात कोरविला. सव्विसाव्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्राचा लेख आहे. जगात स्मृती ताजी असेपर्यंत मनुष्य स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकणारे स्मारक पर्वतावर उभारावे, असा विचार त्याने तेथे मांडला आहे. लेखाच्या टिकाऊपणाचे भान याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच व्यक्त झाले असेल.

अक्षराला माथा देण्याची ही प्रवृत्ती उत्तरेकडे निराळ्या मार्गाने विकसित झाली. तेथील अक्षरांचे पाचरीसारखे माथे रुंदावत गेले, एकमेकांना भिडले, आणि त्यांतून नागरीची शिरोरेषा सिद्ध झाली. आपण आज जे अक्षर वापरतो त्याचे कुळ हे आहे. पेटिकाशीर्ष ही त्याच सजावटीची दक्षिणी शाखा. ती पुढे लुप्त झाली.

कम्मवाचेचे अक्षर

समारंभासाठी वेगळे अक्षर राखून ठेवण्याचा सर्वांत ठसठशीत नमुना थेरवाद जगात ब्रह्मदेशात सापडतो. उपसंपदा, उपोसथ, कठिनचीवर इत्यादी संघकर्मांच्या वेळी जी विनयवचने म्हटली जातात त्यांच्या पोथीला कम्मवाचा म्हणतात. घरचा मुलगा संघात प्रविष्ट होताना अशी पोथी विहाराला दान देण्याची तेथे प्रथा आहे. ही पोथी साध्या ताडपत्रावर कोरली जात नाही. लाखेचे थर देऊन ताठ केलेल्या वस्त्राची किंवा ताडपत्राची पाने करतात, त्यांवर सोन्याचे काम करतात आणि मग दाट काळ्या लाखेने अक्षरे रेखतात.

ही अक्षरे रोजच्या ब्रह्मी लिपीहून वेगळी असतात. रोजची लिपी गोलाकार आहे. कम्मवाचेची अक्षरे रुंद, चौकोनी आणि भरदार. त्यांच्या आकारावरून तेथे त्यांना 'चिंचोक्याचे अक्षर' असे म्हणतात. दैनंदिन पत्रव्यवहारासाठी हे अक्षर नाही. संघकर्माची वचने ज्या पानावर असतील ते पान दुरूनही ओळखू यावे, यासाठी ते आहे.

त्याच देशात राजा मिंडोन याने संपूर्ण त्रिपिटक संगमरवरी शिलांवर कोरविले. मंडाले येथील कुथोडॉ विहाराच्या परिसरात या ७२९ शिला आहेत. १८६८ मध्ये हे काम पूर्ण झाले, आणि मुळात त्या अक्षरांत सोने भरलेले होते. धम्मवचनाला शोभेल असे अक्षर द्यावे ही भावना एखाद्या राजाची हौस नव्हती. ताडपत्राची एक पोथी दान करणाऱ्या सामान्य कुटुंबापर्यंत ती पोहोचलेली होती.

बोरूपासून खिळ्यापर्यंत

आता आपल्याकडे वळू. मध्ययुगीन महाराष्ट्रात दोन लिप्या नांदत होत्या. कारभारासाठी मोडी आणि ग्रंथासाठी बाळबोध. मोडी ही झरझर लिहिण्याची लिपी. कागदावर आधी ओळीची रेघ मारून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरे ओढीत जायचे. बाळबोध अक्षर तिरप्या टोकाच्या बोरूने, एकेक वळण जपत लिहिले जाई. बोरूच्या तिरप्या कापामुळे एकाच ओढीत रेषा कोठे जाड तर कोठे बारीक होते, आणि अक्षराचे सौंदर्य याच जाड-बारीकपणात असते.

युरोपात समारंभाचे अक्षर म्हणजे एकमेकांत गुंतलेले, तिरके, पीस वा टाकाने लिहिल्यासारखे अक्षर. रोमन लिपीची छापील अक्षरे सुटी असल्यामुळे ती जोडली की वेगळेपण लगेच जाणवते. देवनागरीत शिरोरेषेमुळे सारी अक्षरे मुळातच जोडलेली आहेत. म्हणून आपल्याकडे समारंभाच्या अक्षराचे वेगळेपण जोडणीत नसून रेषेच्या जाड-बारीकपणात, मात्रांच्या फेकीत आणि जोडाक्षरांच्या बांधणीत असते. हा फरक लक्षात न घेता इंग्रजी पत्रिकांची नक्कल केली की देवनागरी अक्षर विनाकारण तिरके आणि लडबडलेले होते.

ही बाळबोध पोथी कोणाच्या हातची होती? ज्यांना अध्ययनाचा अधिकार होता त्यांच्या. घोडेगावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या नेवासे येथे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. मराठीतून ज्ञान देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. पण गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हाती बोरू त्यानंतरही शतकानुशतके आला नाही.

मुद्रणाने ही स्थिती बदलण्यास आरंभ केला. १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांत सुधारणा केल्या. नगर येथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे झाले, आणि १८४२ मध्ये तेथूनच 'ज्ञानोदय' सुरू झाले. घोडेगावाजवळचे वडाळा हेही या मिशनचे जुने केंद्र. नगरला सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालविल्या, आणि सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाचा संबंध याच शाळेशी आहे. मिशनचे हेतू धर्मप्रसाराचे होते, हे उघड आहे. तरीही अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींच्या हाती या जिल्ह्यात छापील अक्षर आले, त्यात या शाळांचा वाटा होता, ही इतिहासाची नोंद आहे.

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहान वयात खिळे घासण्याच्या कामावर लागलेले जावजी दादाजी (१८३९-१८९२) यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाईप पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कुशल कारागीर त्यांना लाभला. पोलादाच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात धातू ओतून खिळा पाडायचा, असे हे काम. निर्णयसागरच्या खिळ्यांनी पोथीतील बोरूचे डौलदार वळण धातूत उतरविले. पुढे देशभर देवनागरी छपाईचा तो मानदंड ठरला. याचा एक परिणाम असा झाला की जे वळण पूर्वी मोजक्या घराण्यांच्या हातात होते, ते खिळे विकत घेणाऱ्या कोणालाही उपलब्ध झाले.

शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले, बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' काढले, तेव्हा हेच छापील अक्षर त्यांच्या कामी आले. नावाचे मोठे शीर्षाक्षर हा वृत्तपत्राचा दर्शनी भाग असतो. ज्यांचे नाव गावाच्या दप्तरात हीनतेच्या खुणेने लिहिले जाई, त्यांच्या पत्राचे नाव ठळक शीर्षाक्षरात छापून घरोघर जाऊ लागले. लेण्यातील सुताराच्या लेखानंतर दीर्घ काळाने आपली नावे पुन्हा दर्शनी अक्षरात आली. त्यानंतर 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही शीर्षके त्याच मार्गावरचे पुढचे टप्पे होत.

संविधानाची हस्तलिखित प्रत

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाच्या मूळ प्रतींत हाताने लिहिलेल्या प्रती आहेत. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने, तिरक्या डौलदार अक्षरात आरंभापासून अखेरपर्यंत हाताने लिहिली. हिंदी प्रतीचे सुलेखन वसंत कृष्ण वैद्य यांनी केले. पानांची सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी त्या प्रतींवर सह्या केल्या. पुढे देहरादूनला भारतीय सर्वेक्षण विभागाने त्यांच्या शिळाछापाच्या प्रती काढल्या.

छपाईची सर्व साधने हाती असताना राष्ट्राने हे काम सुलेखनकारांच्या हाती सोपविले, यात एक अर्थ आहे. जे वचन पिढ्यान्‌पिढ्या बंधनकारक राहायचे, ते लिहिताना घाई दिसू नये. प्रत्येक अक्षरावर कोणीतरी थांबले आहे हे वाचणाऱ्याला दिसावे. कम्मवाचेच्या चिंचोकी अक्षरामागेही हीच दृष्टी आहे. आणि अस्पृश्यता नष्ट केल्याची घोषणा करणारे सतरावे कलम इतर सर्व कलमांच्याच अक्षरात लिहिलेले आहे.

पाली शब्द आणि आजचे अक्षर

आता तिसरा प्रश्न. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. ती सिंहली, ब्रह्मी, थाई, ख्मेर, रोमन आणि नागरी या सर्वांत लिहिली गेली. देवनागरीत पाली ग्रंथ छापण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पु. वि. बापट यांनी १९२४ मध्ये पुण्याहून सुत्तनिपात देवनागरीत प्रसिद्ध केला. मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत ना. के. भागवत आणि रा. द. वाडेकर यांनी संपादने केली. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेला विसुद्धिमग्ग १९४० मध्ये देवनागरीत आला. १९५६ ते १९६१ या काळात भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून ४१ खंडांत देवनागरी त्रिपिटक निघाले. त्यानंतर इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाच्या पाठावर आधारित त्रिपिटक अट्ठकथा-टीकांसह देवनागरीत प्रसिद्ध केले. बाबासाहेबांनी स्वतः रचलेले पाली शब्दकोश व व्याकरण १९९८ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात आले.

ग्रंथांच्या या साध्या अक्षरात पाली नीट छापली जाते. अडचण येते ती समारंभाच्या अक्षरात. त्याचे कारण पालीच्या वर्णमालेत आहे. कच्चायनाच्या व्याकरणानुसार पालीत ४१ वर्ण आहेत. तीत ऋ, ऐ, औ, श, ष आणि विसर्ग नाहीत. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे येत नाहीत. बाजारातील नक्षीदार अक्षरांचा सारा डौल मात्र नेमका 'श्री', 'क्ष', 'ज्ञ' आणि रफार यांच्या बांधणीवर खर्च झालेला असतो. पालीचे वैभव वेगळ्या ठिकाणी आहे. ते आहे दित्त आणि वर्गीय जोडाक्षरांत : बुद्ध, धम्म, निब्बान, दुक्ख, मज्झिमा, अट्ठङ्गिक, सङ्घ, पञ्ञा, तण्हा, दळ्ह. यांपैकी द्ध, ट्ठ, ङ्ग, ङ्घ ही अक्षरे एकाखाली एक बसतात, आणि म्म, ब्ब, क्ख, ज्झ, ञ्ञ, ण्ह ही शेजारी शेजारी बसतात. खाली उतरणाऱ्या जोडाक्षराला ओळीखाली जागा लागते. शेजारी बसणाऱ्याला अर्ध्या अक्षराची सुबक जोड लागते. अक्षर घडविणाऱ्याने या गोष्टींचा आधीच विचार केलेला नसेल, तर शब्द मोडतो.

तो कसा मोडतो? १९९० च्या दशकात संगणकावरील मराठी मुद्रण रूढ झाले तेव्हा एका अक्षरसंचात २५६ हून अधिक जागा नसत. साध्या अक्षरसंचातच जागेची ओढाताण. नक्षीदार संचात विरळ जोडाक्षरांना सरळ वगळले जाई. मग 'पञ्ञा' मधील पहिल्या ञ खाली पाय मोडलेले चिन्ह लटकू लागले, 'अट्ठ' मधील ट आणि ठ वेगळे पडले. ते विचित्र दिसते म्हणून छापणाऱ्याने 'पन्ना' केले वा संस्कृत 'प्रज्ञा' घातले. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, आणि नव्या अक्षरसंचांना जागेची ती मर्यादा उरलेली नाही. तरीही शोभेच्या अनेक संचांत ही उणीव आजही आढळते, कारण पाली शब्द लिहून पाहावेत असे घडविणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. मराठीच्या वळणाचा एक फायदा मात्र आपल्याला आहे. ळ, ण्ह, म्ह, ल्ह ही पालीत येणारी अक्षरे मराठीची रोजचीच आहेत. मराठीसाठी घडविलेल्या अक्षरात ती सहसा चांगली असतात.

दुसरी बाब ब्राह्मीची. अलीकडे विहाराच्या फलकांवर ब्राह्मी अक्षरे लिहिण्याची आवड वाढत आहे. युनिकोडमध्ये ब्राह्मी २०१० मध्ये समाविष्ट झाली. ही आवड स्वागतार्ह आहे, परंतु एक इशारा देणे आवश्यक वाटते. आपल्या लेण्यांतील जुन्या ब्राह्मीत दित्त अक्षर सामान्यतः लिहिले जात नसे. 'बुध', 'देयधम', 'सिधं' असेच लेखन आढळते. म्हणून फलकावर ब्राह्मी घालताना एक तर लेण्यातील लेखनपद्धती स्वीकारावी, नाही तर पुढील काळच्या रीतीने अक्षराखाली अक्षर जोडून पालीचे शुद्ध रूप लिहावे. दोहोंची सरमिसळ करून, देवनागरी मजकूर केवळ अक्षरसंच बदलून 'ब्राह्मी' केला, तर मात्रा भलतीकडे जातात आणि वाचता येणार नाही असा लेख कमानीवर चढतो.

तिसरी बाब तुलनेची. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने 'जैनी' नावाचा देवनागरी अक्षरसंच घडविला आहे. १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या जैन पोथीतील सुलेखनावर तो आधारलेला आहे आणि सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. एका श्रमणपरंपरेच्या पोथीतले वळण अशा रीतीने आजच्या मुद्रणात आले. दुसऱ्या श्रमणपरंपरेला, म्हणजे आपल्याला, हे करता येणार नाही असे नाही. आपल्याजवळ कार्ल्याचे आणि जुन्नरचे लेख आहेत, अजिंठ्याचे पेटिकाशीर्ष अक्षर आहे, कम्मवाचेचे चिंचोकी अक्षर आहे. यांतील एखाद्या वळणाचा अभ्यास करून देवनागरीत पाली शब्दांसाठी एक गंभीर, सुवाच्य आणि डौलदार अक्षर घडविणे हे सुलेखनकार आणि पालीचे अभ्यासक यांनी एकत्र बसून करण्याचे काम आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जातून जी कामे उभी राहावयास हवीत, त्यांत हे काम असावे असे आम्हांला वाटते.

समारोप

तोपर्यंत काय करावे? आमच्या मते चार गोष्टी कोणत्याही गावी, घोडेगावच्या बाजारातही, खर्चाविना करता येतील. पहिली : पत्रिका, फलक वा दानशिला यांसाठी अक्षर निवडताना बुद्ध, धम्म, सङ्घ, पञ्ञा, अट्ठङ्गिक, मज्झिमा, तण्हा हे सात शब्द त्या अक्षरात छापून पाहावेत. यांतील एकही शब्द मोडला तर ते अक्षर कितीही सुंदर असले तरी बाजूला ठेवावे. दुसरी : नक्षीदार अक्षर शीर्षकापुरते आणि नावांपुरते ठेवावे, त्रिसरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा साध्या अक्षरात छापाव्यात, कारण त्या पाहण्यासाठी नसून म्हणण्यासाठी आहेत. तिसरी : 'संघ' लिहावे की 'सङ्घ' याविषयी वाद घालू नये, मराठी वाक्यात पहिले आणि पाली पाठात दुसरे रूप योग्य आहे, पण एकाच फलकावर दोन्ही नसावीत. चौथी : दानशिलेवर हजार देणाऱ्याचे आणि दहा देणाऱ्याचे नाव एकाच आकाराच्या अक्षरात कोरावे.

ही शेवटची सूचना शोभेच्या नियमात बसणारी नाही, याची आम्हांला जाणीव आहे. मोठ्या दात्याचे नाव मोठे करावे, असा आग्रह अनेक ठिकाणी होतो. परंतु समारंभाचे अक्षर हे मान देण्यासाठी असते, आणि तो मान कोणाला व कसा द्यावा, हे कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाने आपल्याला सांगून ठेवले आहे. श्रेष्ठी भूतपाल आणि सुतार सामी यांची नावे तेथे आजही एकाच लिपीत वाचता येतात.